दिवा चालू असताना

विमानतळावरच्या फ्लाइंग क्लबातली पोरं तिच्या सासऱ्यांना पाठीमागे ‘काजवा’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नावामागचं कारण साधं होतं. ते विमान घेऊन वर गेले की खाली येईपर्यंत पंखातला मोठा दिवा, लँडिंग लाइट, चालूच ठेवत. टळटळीत ऊन असलं तरी. बाकीचे वैमानिक जमीन सुटली की तो बंद करत आणि उतरायच्या वेळी पुन्हा लावत.

“मला समोरचा दिसतोय हो,” ते म्हणत, “पण समोरचा कुठं बघतोय ते मला काय माहीत? आपण दिसलेलं बरं.”

सून त्याच फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये विमानांची विजेची आणि उपकरणांची कामं करायची. नोकरी आधीची, लग्न नंतरचं. लग्न जुळवलंच मुळी सासऱ्यांनी. एका विमानात डॅशबोर्डखाली उताणी पडून ती एका वायरला मनसोक्त शिव्या घालत होती. ते यांनी ऐकलं आणि घरी जाऊन मुलाला सांगितलं, “एक मुलगी बघून आलोय. तोंड फाटकं आहे, पण वायरींचं सोल्डरिंग असं करते की बघत राहावं.”

तरुणपणी ते शेतांवर औषध फवारणारं विमान चालवत. पुढे बरीच वर्षं क्लबमध्ये शिकवलं. आताचे मुख्य प्रशिक्षकही त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. वय झाल्यावर शिकवणं सुटलं, सासूबाई गेल्यावर घरातली बडबड सुटली, पण रविवारची एक फेरी काही सुटली नव्हती.

त्या वर्षी क्लबच्या चार आसनी विमानात आकडे दाखवणारा नवा डिजिटल पडदा बसवला. जुनी गोल घड्याळं निघाली. दिशा सांगायचं काम आता डाव्या पंखाच्या टोकात बसवलेल्या एका लहानशा डबीकडे आलं. ही डबी म्हणजे पृथ्वीचं चुंबकत्व ओळखणारा सेन्सर. तिला जाणवलेली दिशा वायरीतून पडद्याकडे येते आणि पडद्यावर अंशांचा आकडा दिसतो. पंखाच्या टोकात बसवायचं कारण एवढंच, की तिथे ना इंजिन, ना लोखंड, ना कसला शेजार. बसवायचं काम बाहेरच्या माणसांनी केलं आणि देखभाल तिच्याकडे आली.

थोड्याच दिवसांनी सासरे उतरून थेट हँगरमध्ये आले. हेडफोन अजून गळ्यातच होता.

“सूनबाई, तुझा पडदा खोटं बोलतोय.”

“किती?”

“दहा-पंधरा अंश. वरचं होकायंत्र एक सांगतं, पडदा भलतंच.”

जुनं होकायंत्र, पाण्यासारख्या द्रवात तरंगणारं, काचेच्या वरच्या बाजूला तसंच ठेवलेलं होतं. नियमच आहे तसा.

तिने तक्रार हसण्यावारी नेली नाही. पंखाचं टोक उघडलं, कनेक्टर काढून पुसला, वायरी मीटर लावून तपासल्या, हलवून, ओढून बघितल्या. मग विमान ढकलत मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात नेलं. तिथे हँगरच्या लोखंडापासून दूर, काँक्रीटवर दिशांचा मोठा गोल रंगवलेला आहे. त्यावर विमान थोडं थोडं फिरवून प्रत्येक दिशेला आकडा बघितला. पडदा शहाण्या मुलासारखा वागला. दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक ते विमान घेऊन वर जाऊन आले.

“मला तर काही दिसलं नाही,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी सासऱ्यांची तीच तक्रार. या वेळी तिने बसवणाऱ्यांकडून दुसरा सेन्सर मागवून लावला, विमान पुन्हा गोलावर नेलं, पुन्हा सगळं ठीक.

“तू एकदा माझ्याबरोबर वर चल,” सासरे म्हणाले. “तुला दाखवतो.”

“येते ना बाबा. पुढच्या रविवारी.”

पुढचे रविवार आले आणि गेले. एकदा पाहुणे होते, एकदा तिची मान आखडली होती, एकदा नुसताच कंटाळा होता. आठवडाभर विमानांत डोकं घातल्यावर सुट्टीच्या दिवशी पुन्हा तिथेच जायचं तिच्या जिवावर यायचं. शेवटी एका सकाळी ते बुटाची नाडी बांधत असताना तिने त्यांना समजावलं.

“बाबा, होकायंत्र हवेत डुलत असतं, वाचताना चूक होते. सेन्सर मी स्वतः तपासलाय, बदलूनसुद्धा बघितलाय. तुम्ही पडद्यावर विश्वास ठेवा.”

ते वाकलेले तसेच राहिले. “तू तपासलायस ना?”

“हो.”

“मग झालं.”

त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. पडदा सांगेल तसं ते उडवायला लागले.

आणि मग ती गोष्ट घडली. हवा धूसर होती. टॉवरने त्यांना एक ठरावीक दिशा धरायला सांगितली, कारण जवळच क्लबचं दुसरं विमान उतरायच्या तयारीत होतं. त्यांनी पडद्यावर ती दिशा धरली आणि आकडा जराही हलू दिला नाही. पण विमान चाललं होतं भलतीकडे, थेट त्या दुसऱ्या विमानाच्या वाटेत. टॉवरमधला माणूस ओरडला, दिशा पुन्हा सांगितली.

“तीच धरली आहे,” सासरे रेडिओवर म्हणाले.

“नाही धरलेली! ताबडतोब उजवीकडे वळा!”

ते वळले. दुसऱ्या विमानातल्या वैमानिकाने त्यांचा दिवा आधीच बघितला होता आणि तोही बाजूला झाला. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण रेडिओ हँगरमध्ये मोठ्याने लावलेला असतो. सगळ्यांनी ऐकलं. तिनेही.

विमान पुन्हा तपासलं. पुन्हा काही नाही. मुख्य प्रशिक्षकांनी तिला ऑफिसात बोलावलं. त्यांना बोलणं जड जात होतं; टेबलावरचं पेन ते उगाच इकडून तिकडे करत होते.

“त्यांनीच मला उडायला शिकवलंय,” ते म्हणाले. “म्हणून तुम्हाला एकदा स्पष्ट विचारतो. उपकरणात काही दोष आहे का?”

“नाही,” ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तिला जे ठाऊक होतं ते तिने सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना नवऱ्याने तोच प्रश्न विचारला आणि तिने तेच उत्तर दिलं. वडिलांनी उडणं थांबवावं असं त्याच्या मनात कधीपासून होतं. “म्हणजे प्रश्न मिटला,” तो म्हणाला. मग, जसं काही इतके दिवस साठवून ठेवलं होतं, तसं एकेक बाहेर यायला लागलं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. परवा मला काकांच्या नावाने हाक मारली. गॅस बंद केला का हे दोनदा विचारतात.

“मी पडद्याप्रमाणेच चाललो होतो,” सासरे एवढंच म्हणाले. ते तिच्याकडे बघत होते. “मला तर तसंच आठवतंय.”

“बाबा, तुम्हाला आठवतंय,” नवरा हळू आवाजात म्हणाला. “प्रश्न तोच आहे ना.”

ती ताटाकडे बघत राहिली. आपण तपासलंय हे तिला माहीत होतं, आणि म्हाताऱ्या माणसाचं चुकतं हेही सगळ्यांनाच माहीत असतं. सासरे पाणी प्यायले, त्यांनी पेला खाली ठेवला. “एवढी वर्षं हातपाय धड ठेवून खाली आलो, हे काय कमी आहे?” असं म्हणून ते उठले. सकाळी त्यांनी मुख्य प्रशिक्षकांना फोन करून सांगितलं, की यापुढे रविवारी माझ्यासाठी विमान ठेवू नका.

उडणं थांबलं तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण त्यांनी स्वतःवरचा भरवसाच काढून घेतला. आधी गाडी चालवणं सोडलं. मग बँकेत एकटं जाणं. घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायचे, ओढून बघायचे, आणि तिलाही ओढून बघायला सांगायचे. डॉक्टरांनी प्रश्न विचारून, चित्रं दाखवून तपासलं आणि वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. “वयाच्या मानाने,” सासरे घरी येताना पुटपुटले, जणू डॉक्टरांनी आडून काही सांगितलं होतं.

एकदा ती आणि ते भाजी घेऊन परत येत होते. अलीकडे ते तिच्या अर्धं पाऊल मागून चालत. एका बाईने त्यांना थांबवून दवाखान्याचा पत्ता विचारला. दवाखाना समोरच्याच गल्लीत, त्यांच्या रोजच्या वाटेवरचा. ते तोंड उघडून थांबले, गल्लीकडे बघितलं, मग हसून म्हणाले, “दुसऱ्या कुणाला विचारा हो. माझं काही खरं नाही.” तिने पुढे होऊन पत्ता सांगितला.

थंडी पडली. सकाळी मैदानावर धुकं रेंगाळायला लागलं. अशाच एका सकाळी मुख्य प्रशिक्षक ते चार आसनी विमान घेऊन गेले आणि लवकर परत आले. कपाळाला आठ्या होत्या.

“पडदा पंधरा अंश चुकतोय,” ते म्हणाले. “मी धावपट्टीच्या रेषेत होतो, तरी आकडा वेगळा. आणि मग आपोआप सुधारला.”

“कधी सुधारला?”

“असा काही...” ते थांबले. “हां, धुक्यातून बाहेर आल्यावर. धुकं होतं म्हणून दिवा लावून ठेवला होता, तो बंद केला, त्याच सुमारास.”

तिच्या हातात एक चिमटा होता. तो तिने खिशात ठेवला आणि तडक विमानाकडे गेली.

विमान लांबच्या गोलावर उभं करून ती आत बसली. एकेक स्विच लावत गेली. रेडिओ लावला, आकडा हलला नाही. पंप लावला, नाही. पंखांच्या टोकांचे लाल-हिरवे दिवे लावले, नाही. मग तिने लँडिंग लाइटचा स्विच वर केला. आकडा सरकला. चौदा अंश. तिने स्विच खाली केला, आकडा जागेवर आला. तिने पुन्हा लावला, पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. कितीतरी वेळ ती तेच करत राहिली, कधीतरी आकडा हलणार नाही अशा आशेने.

ज्या सवयीवरून पोरं त्यांना काजवा म्हणत, ज्यावरून ती स्वतःही हसली होती, तीच ही सवय. सगळ्या क्लबात उडताना दिवा चालू ठेवणारा माणूस एकच होता, म्हणून पडदा खोटं बोलायचा तो फक्त त्याच्याशी. बाकीचे उतरताना दिवा लावत, तेव्हा त्यांची नजर धावपट्टीवर असायची, पडद्यावर नाही. गोलावर तपासताना बॅटरी उतरू नये म्हणून तिने दिवे बंद ठेवले होते. दर वेळी. सगळे स्विच एकेक करून लावायचे आणि सेन्सर हलतो का बघायचं, ही चाचणी तिला तोंडपाठ होती. पण ती नवीन उपकरण बसवताना करतात. बसवणाऱ्यांनी केली असणार, असं तिने धरलं होतं.

दोष सापडायला फार वेळ लागला नाही. दिव्याकडून परत येणाऱ्या विजेची वायर पंखाच्या सांगाड्याला एका बोल्टने जोडलेली होती. सेन्सर बसवताना तो बोल्ट कुणीतरी हलवून दुसऱ्या जागी लावला होता, आणि तिथला रंग खरवडलाच नव्हता. रंगातून वीज जात नाही. मग विजेने आपली दुसरी वाट शोधली, नेमकी सेन्सरच्या डबीला चिकटून जाणारी. वाहत्या विजेभोवती चुंबकत्व तयार होतं हे शाळेतल्या पोरांनाही शिकवतात. तिने रंग खरवडून चकचकीत धातू उघडा केला, बोल्ट घट्ट आवळला, दिवा लावून बघितला. आकडा हलला नाही. सगळं काम चहा निवायच्या आत झालं, आणि मग ती पंखाखाली काँक्रीटवर बसून राहिली.

मुख्य प्रशिक्षक चालत तिथवर आले. तिने सांगितलं. त्यांनी टोपी काढली, हातात धरून ठेवली.

“मी वर गेलो होतो तपासायला,” ते म्हणाले. “दिवा बंद करून गेलो होतो. सरांना मी सांगू का?”

“नको. मीच सांगते.”

ती घरी आली तेव्हा सासरे मुलाच्या शर्टांना इस्त्री करत होते. हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि सुरुवातीपासून सांगत गेली. दिव्याचं नाव आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. पण चेहऱ्यावर पहिल्यांदा आली ती निव्वळ उत्सुकता.

“रंग खरवडला नव्हता?”

“नाही.”

“म्हणजे परतीची वाटच बंद! मग वीज बिचारी सेन्सरच्या अंगावरून जाणार नाही तर काय करणार?” ते मोठ्याने हसले. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते. “काय एकेक गाढवं असतात!”

मग त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. बंद झालंय ना, हे वाकून बघितलं.

“म्हणजे त्या दिवशी मी...”

“तुम्ही बरोबर होता, बाबा. पहिल्या दिवसापासून.”

ते शर्टाची कॉलर बोटाने सरळ करत राहिले. मग म्हणाले, “तू एकदा आली असतीस. पाच मिनिटांत कळलं असतं तुला.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “जाऊ दे. चहा टाक.”

संध्याकाळी नवऱ्याला कळलं. तो आधी म्हणाला, “पण वय तर झालेलंच होतं ना?” मग तो वडिलांच्या खोलीत गेला आणि दारातच उभा राहिला.

“बाबा, चुकलंच माझं.”

“अरे, तू काय सेन्सर होतास का?” आतून आवाज आला. “ये, बस.” दोघं आत बराच वेळ टीव्ही बघत बसले. आवाज बंद होता, हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मुख्य प्रशिक्षक घरी आले, माफी मागितली, आणि आग्रह धरला. पुन्हा या सर, मी शेजारी बसतो, तुम्ही चालवा. सासरे नको नको म्हणत होते, पण डोळे वेगळं सांगत होते. डॉक्टरांची तपासणी झाली, ती त्यांनी सहज पार केली. आणि एका स्वच्छ रविवारी ते विमानात डाव्या आसनावर बसले, प्रशिक्षक उजव्या, आणि या वेळी ती मागे.

विमान त्यांनी असं उचललं की जमीन कधी सुटली ते कळलं नाही. दिवा चालू होता. तिने मान पुढे काढून बघितलं, होकायंत्र आणि पडदा एकच दिशा सांगत होते. तिने त्यांच्या खांद्याला हात लावून ते दाखवलं. त्यांनी मान डोलावली. खाली शेतं, कालवा, कालव्यावरचा पूल. या आभाळात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

“बरोबर चाललोय ना?” त्यांनी प्रशिक्षकांना विचारलं.

“एकदम बरोबर, सर.”

थोड्या वेळाने पुन्हा, “ही दिशा बरोबर आहे ना?”

“हो सर. आकडा समोर आहे बघा.”

“आकडा दिसतोय. पण तुम्हाला काय वाटतं?”

वळताना त्यांनी विचारलं. उंची घेताना विचारलं. कालवा डावीकडे होता, तिथेच असायला हवा होता, तरी विचारलं. मागे बसलेल्या तिला त्यांची मान दिसत होती. होकायंत्र, पडदा, प्रशिक्षकांचा चेहरा, पुन्हा होकायंत्र, अशी ती सारखी फिरत होती. हाताला काही झालं नव्हतं. हात सगळं अचूक करत होते. फक्त त्या हातांवर त्यांचा विश्वास नव्हता.

धावपट्टी समोर दिसायला लागली तेव्हा ते म्हणाले, “आता तुम्ही घ्या.” आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. उतरेपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते.

खाली आल्यावर त्यांनी प्रशिक्षकांच्या पाठीवर थाप मारली, हँगरमधल्या सगळ्यांची चौकशी केली, एका पोराला त्याच्या विस्कटलेल्या केसांवरून चिडवलं. पुढच्या रविवारचं कुणी विचारलं नाही. ते आपणहून म्हणाले, “मजा आली. आता पुरे.” त्यानंतर ते कधी वर गेले नाहीत.

परत निघताना तिने गाडीच्या किल्ल्या त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी हसून मान हलवली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला. गावाच्या अलीकडे फाटा येतो तिथे ते एकदम सावरून बसले.

“इथून डावीकडे घे. सरळ रस्ता खणून ठेवलाय, काल घराच्या मागच्या खिडकीतून बघितलं मी.” आणि लगेच, तिने काही म्हणायच्या आत, “नाहीतर राहू दे. तुला वाटेल तसं घे. मी आपलं म्हटलं.”

तिने इंडिकेटर दिला आणि डावीकडे वळली. थोडं पुढे गेल्यावर घरांच्या फटीतून पलीकडचा रस्ता दिसला. उकरलेली माती, आडवे पाइप, अडकून पडलेली गाड्यांची रांग.

“बाबा, बघा,” ती म्हणाली.

त्यांनी बघितलं. “हो का,” ते म्हणाले, आणि काच थोडी खाली केली.